मुलाचे मर्दपण कोणत्या पट्टीने मोजायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीची तरुण मंडळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, यंदा विषय कोणता घेणार?" मी म्हटले, "मुलगा." ती एकमेकांकडे पाहून हसली. एक जण म्हणाला, "गुरुजी, मुलींच्या शिक्षणावर बोला, हुंड्यावर बोला. पोरांबद्दल काय बोलायचं? पोरं तर वाढतातच आपोआप." हे 'आपोआप' ऐकले आणि विषय पक्का झाला. मी एकतीस वर्षे महानगरपालिकेच्या शाळेत शिकवले. सहावी-सातवीची मुले माझ्या हाताखालून गेली. आपोआप वाढलेला एकही मुलगा मला आढळला नाही. प्रत्येकाला कोणीतरी घडवलेले असते. कधी बापाने, कधी नाक्यावरच्या टोळक्याने, तर कधी नुसत्या एका वाक्याने.

दहा ते एकोणीस या वयाला जागतिक आरोग्य संघटना किशोरवय म्हणते. या वयात मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते, आणि तो स्वतःला एक प्रश्न विचारू लागतो, "मी मर्द आहे का?" आता हा प्रश्न मोजता येतो का? उंची मोजता येते, वजन मोजता येते. मर्दपण मोजता येते का? तुम्ही म्हणाल, गुरुजींनी हे काय काढले! पण जगात नव्वद वर्षांपासून हे मोजण्याचा उद्योग चालू आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्या मुंबईच्या उपनगरांतील वस्त्यांत आणि पालिकेच्या शाळांत झालेले आहे. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. १९३६ साली अमेरिकेत टर्मन आणि माइल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक चाचणी छापली. तिच्यात चारशेच्या वर प्रश्न होते. त्यांची कल्पना अशी की पट्टी एकच आहे. तिच्या एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला बाई. मुलाला जी गोष्ट आवडते ती बहुतेक मुलींना आवडणारी असली, की तो बाईच्या टोकाकडे सरकला! म्हणजे स्वयंपाकाची आवड असलेला मुलगा मर्दपणात कमी भरला. आपल्या नाक्यावरही हीच चाचणी रोज चालते, फक्त तिथे कागद नसतो.

पुढे १९७४ साली सँड्रा बेम या बाईंनी म्हटले, अहो, पट्टी एक नाही, दोन आहेत. एकच माणूस धीटही असू शकतो आणि मायाळूही. त्यांनी साठ गुणांची यादी केली. वीस पुरुषी समजले जाणारे, वीस बायकी समजले जाणारे, आणि वीस दोन्हींकडे सारखे. हे एक पाऊल पुढे होते. पण कोणता गुण पुरुषी आणि कोणता बायकी, हे कोण ठरवणार? तर त्यांच्या काळचा अमेरिकन समाज. ती यादी जशीच्या तशी घाटकोपरला आणली, तर ती घाटकोपरच्या पोराला मोजील की अमेरिकेच्या पोराला?

म्हणून पुढच्या लोकांनी प्रश्नच बदलला. "तू किती मर्द आहेस?" हे विचारणे त्यांनी सोडले. "मर्दाने कसे असावे असे तुला वाटते?" असे ते विचारू लागले. बंधू-भगिनींनो, या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रश्नात मुलगा पास किंवा नापास होतो. दुसऱ्या प्रश्नात त्याच्या डोक्यात कोणी काय भरले ते बाहेर येते.

या दुसऱ्या प्रश्नाची एक पट्टी ब्राझील देशात रिओ दि जानेरो शहरात तयार झाली. ज्युली पुलरविट्झ आणि गॅरी बार्कर हे तिचे कर्ते. तिच्यात चोवीस वाक्ये होती. वाक्य वाचायचे आणि तीनपैकी एक उत्तर द्यायचे : पटते, थोडेसे पटते, पटत नाही. प्रत्येक उत्तराला गुण. वाक्ये कशी, तर घरात शेवटचा शब्द पुरुषाचा असावा, कधीकधी बाई मार खाण्याच्याच लायकीची असते, कुटुंब टिकावे म्हणून बाईने मार सोसावा, अशा धर्तीची. गुणांची बेरीज करून त्या माणसाचे विचार समतेच्या किती जवळ आहेत ते पाहायचे. ध्यानात घ्या, इथे जास्त गुण म्हणजे जास्त मर्द असे नाही. जास्त गुण म्हणजे बाईला माणूस समजणारा.

रिओमध्ये टेकड्यांवर चढत गेलेल्या गरीब वस्त्या आहेत. घाटकोपरचा, विक्रोळीचा डोंगर पाहणाऱ्याला ते चित्र वेगळे सांगायला नको. तिथून ही पट्टी आपल्याकडे आली. साक्षरतेचे काम करणारी 'कोरो' ही मुंबईतील संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी मिळून इथल्या वस्त्यांतील तरुण मुलांबरोबर काम केले. निमित्त होते एड्सच्या प्रतिबंधाचे. पण बोलता बोलता मुलांच्या तोंडून पुन्हापुन्हा एकच शब्द येऊ लागला, 'असली मर्द'. असली मर्द कोण? जो घाबरत नाही, जो बाईला ताब्यात ठेवतो, जो दोन हात करतो. मग त्या मुलांच्याच भाषेत गटचर्चा, खेळ, पथनाट्ये तयार झाली. त्याचे प्रशिक्षण-पुस्तक 'यारी-दोस्ती' या नावाने २००६ साली निघाले आणि वस्तीत मोहीम निघाली ती 'सोच सही, मर्द वही' या नावाने.

इथे एक शंका मी आधीच घेतो, कारण ती माझ्याही मनात आली होती. आपल्याच पोरांना का मोजायचे? झोपडपट्टीतला मुलगा म्हणजे गुंड, हे आधीच लोक धरून चालतात. टॉवरमधल्या मुलाला का नाही मोजत? शंका रास्त आहे. रिओमध्ये पट्टी तयार करताना गरीब वस्त्यांबरोबर मध्यमवर्गीय वस्तीतील पुरुषांनाही विचारले होते, आणि तसेच व्हायला पाहिजे. बायकोवर हात उचलणारा पुरुष चाळीतही असतो आणि फ्लॅटमध्येही असतो, फक्त फ्लॅटची भिंत जाड असते. पण म्हणून आपण आपली तपासणी टाळावी असे मला वाटत नाही. आणि दुसरे, कोरोचे अनेक कार्यकर्ते वस्त्यांतूनच पुढे आलेले होते. आपल्या माणसाने आपल्याला विचारणे आणि परक्याने येऊन मोजणे यात फरक आहे.

आता खरी अडचण सांगतो. एकाच पट्टीने वेगवेगळ्या देशांतील माणसे मोजता येतात का? २००९-१० च्या सुमारास ब्राझील, चिली, मेक्सिको, क्रोएशिया, रवांडा आणि भारत अशा सहा देशांत प्रौढ पुरुषांची मोठी पाहणी झाली. भारतात ती दिल्ली आणि विजयवाडा या दोन शहरांत झाली. त्यात एक वाक्य होते, की मुलाचे लंगोट बदलणे, त्याला आंघोळ घालणे, भरवणे ही आईचीच जबाबदारी. ब्राझीलमध्ये दहांत एखाद्या पुरुषालाच ते पटले. आपल्याकडे दहांपैकी आठांहून अधिक जणांना पटले. केवढी तफावत! लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे, मी ती झाकत नाही. पण शिक्षक म्हणून मी आणखी एक विचारीन. ज्या घरात आजी आहे, आत्या आहे, तिथे 'आईचीच' या शब्दाचा अर्थ तोच होतो का, जो एकट्या जोडप्याच्या घरात होतो? "पुरुषाने घर चालवावे" हे वाक्य एका ठिकाणी हुकूमत असते, तर दुसऱ्या ठिकाणी दारू पिऊन पगार उडवणाऱ्या नवऱ्याला बायकोने करून दिलेली जबाबदारीची आठवण असते. शब्द एकच, पण वजन वेगळे. शिंप्याची टेप उन्हात ताणली गेली तर सदऱ्याचे माप चुकते, पण दोष सदऱ्याच्या माथी येतो. तसे होऊ नये म्हणून वाक्याचे नुसते भाषांतर करून भागत नाही. आधी तिथल्या मुलांशी बोलावे लागते, त्यांचे शब्द घ्यावे लागतात, न समजणारी वाक्ये गाळावी लागतात, आणि मग पुन्हा तपासावे लागते की उत्तरे एकमेकांशी जुळतात की नाही.

आपल्या वस्तीतलेच उदाहरण घ्या. हे संशोधकांचे नव्हे, माझे स्वतःचे पाहणे आहे. "मुलाने पाणी भरावे का?" असे विचारले, तर आपली सगळी पोरे 'हो' म्हणतील. गुण पुरे! पण नळावर जाऊन बघा. सायकलला दोन बाजूंना कॅन लटकवून पाणी आणणारा मुलगा ऐटीत येतो. ते मर्दाचे काम. त्याच पोराला सांगा, हंडा डोक्यावर घे, कळशी कमरेवर घे. तो मान खाली घालील, नाहीतर अंधार पडायची वाट पाहील. पाणी तेच, डोंगरही तोच, पण भांडे बदलले की मर्दपण जाते! हा प्रश्न रिओच्या कागदावर कसा सापडणार? तो आपणच विचारायला हवा.

मग सगळीकडे सगळेच वेगळे आहे का? तसेही नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून कोवळ्या किशोरांचा एक अभ्यास हाती घेतला. श्रीमंत आणि गरीब अशा पंधरा देशांतील दहा ते चौदा वर्षांची मुले-मुली आणि त्यांचे पालक यांच्याशी ते बोलले. त्यात आपली दिल्लीही होती. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. देश बदलला, भाषा बदलली, तरी एक समजूत जवळजवळ सगळीकडे सापडली : मुलगी नाजूक, तिला जपायचे, मुलगा बलवान, त्याला मोकळे सोडायचे. आणि ही समजूत दहा-अकराव्या वर्षीच मुलांच्या मनात बसलेली असते. म्हणजे मिसरूड फुटायच्या आधी! आपण मात्र कॉलेजात गेल्यावर त्याला समजावू म्हणून वाट पाहत बसतो.

याच कारणाने मुंबईत २००८ साली शाळेतून काम सुरू झाले. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमेन, कोरो आणि देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून पालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुला-मुलींसाठी कार्यक्रम घेतला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांनी नाव 'जेम्स'. पद्धत अशी की काही शाळांत वर्गात गटचर्चा आणि शाळाभर मोहीम, काही शाळांत नुसती मोहीम, आणि काही शाळा तुलनेसाठी तशाच ठेवलेल्या. आधी मोजले, नंतर मोजले. जिथे मुलांना बसून बोलायला मिळाले तिथे विचारांत बदल अधिक दिसला. मुलीचे लग्न अठराच्या आत नको, घरकामात पुरुषाने हात लावावा, हे जास्त मुले म्हणू लागली. पुढे हे काम गोव्यात आणि महाराष्ट्रातील हजारो शाळांत पोहोचले.

पण एक सावधगिरी. शाळेतली मुले हुशार असतात. गुरुजींना कोणते उत्तर हवे ते त्यांना बरोबर कळते. 'मारणे वाईट' असे कागदावर लिहून मधल्या सुट्टीत एकमेकांची टाळकी फोडणारी पोरे मी पाहिली आहेत. म्हणून विचार मोजणे एक आणि वागणे मोजणे दुसरे. वागणे मोजणेही सोपे नाही. टपली मारणे ही सुद्धा मारहाणच, हे मुलाला कळले की तो कागदावर आधीपेक्षा जास्त मारामारी कबूल करतो. आकडा वाढलेला दिसतो, पण वाढलेली असते ती समज!

आता माझ्या घरचे सांगतो. सांगताना जड जाते, पण विहारात खोटे बोलू नये.

माझा थोरला मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. एका संध्याकाळी मैदानातून रडत आला. मोठ्या पोरांनी बॅट काढून घेतली होती, कानफटात मारले होते. मी शिक्षक माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना समजावणारा. पण त्या दिवशी माझ्या तोंडून गेले, "पोरीसारखा रडतोस काय? जा, दोन देऊन ये, नाहीतर घरात येऊ नकोस." तो डोळे पुसून बाहेर गेला. तासाभराने आला, जेवला, झोपला. मला वाटले, झाला मर्द!

त्यानंतर चार महिने त्याने घरात काही सांगितले नाही. अभ्यासात मागे पडला. जेवताना गप्प. मी म्हणायचो, वयात आलाय, असेच असते. एका रविवारी त्याची आई डोक्यावर पाणी घालताना पाठीवर हात फिरवते तर वळ उठलेले. ती मोठी पोरे त्याच्याकडून रोज पैसे घेत होती, आणि पैसे नसले की पट्ट्याने मारत होती. त्याने बहिणीच्या डब्यातले पैसे चोरले होते. आईने विचारले, "अरे, पप्पांना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "पप्पांनी रडायचं नाही सांगितलंय ना."

बंधू-भगिनींनो, माझ्या एका वाक्याने मुलाचे तोंड चार महिने शिवले गेले. त्याला मारणारी पोरे परकी होती, पण दार बंद केले होते ते मी.

आता तो मोठा झाला आहे, दोन लेकरांचा बाप आहे. हे भाषण तयार करताना मी त्याला गमतीने विचारले, "मुलगा रडला तर तो कमकुवत, पटतं, थोडंसं पटतं की पटत नाही?" तो हसला. म्हणाला, "पप्पा, हे वाक्य मी तुमच्याकडूनच पाठ केलं होतं. विसरायला वीस वर्षं लागली."

तेव्हापासून माझ्या लक्षात आले आहे की ही पट्टी मुलाला लावतात, पण माप घराचे निघते. मुलाच्या कागदावर बापाचे उत्तर असते, आईचे असते, मामाचे असते, शिक्षकाचे असते.

म्हणूनच २०१० च्या सुमारास मुंबईत 'परिवर्तन' नावाचा एक प्रयोग झाला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत शाळांच्या खेळाच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून मुलांशी बोलण्याचा एक कार्यक्रम होता. इथे तो आणताना खेळ बदलला. आपल्या पोरांचा देव कोण? क्रिकेट! म्हणून शाळांतले आणि गोवंडीच्या शिवाजी नगरातले क्रिकेट शिकवणारे तयार केले. जो माणूस बॅट कशी धरायची ते सांगतो, त्यानेच सांगायचे की मुलीची छेड काढणे मर्दपणा नव्हे. मुलगा उपदेश ऐकत नाही, पण ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते त्याचे बघतो. आपल्या वस्तीत असा माणूस कोण आहे? जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा दादा, लेझीम शिकवणारा, कबड्डीचा कप्तान. त्यांनी आज माझे ऐकावे अशी विनंती आहे.

शेवटी एक अशी पट्टी सांगतो, जिला भाषांतर लागत नाही. ती म्हणजे घड्याळ. २०१९ साली केंद्र सरकारने माणसांचा दिवस कशात जातो त्याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसांत जी घरचे बिनपगारी काम करत होती, त्यांत बायका दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय त्या दिवशी असे काम करणारे पुरुष शंभरात जेमतेम २६ निघाले. बाकीच्यांनी हातच लावला नाही! इथे 'पटते, थोडेसे पटते' असे काही नाही. मिनिटे खोटे बोलत नाहीत.

बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मोजतो. पाहा, पट्टी आपल्या हाती तेव्हाच दिलेली आहे. आपण ती भिंतीवर टांगून ठेवली. ती आता मुलांच्या बाजूनेही लावू या.

माझी मागणी मोठी नाही. उद्यापासून घरात एक कागद लावा. आठवडाभर कोणी कोणते काम किती वेळ केले ते लिहा. बारा-चौदा वर्षांच्या मुलालाच लिहायला सांगा, तो प्रामाणिक हिशोब ठेवील. स्वतःचे नावही लिहा, बापाने सूट घेऊ नये. विहारात कार्यक्रम झाला की भांडी महिला मंडळाने घासायची आणि माइक पोरांनी धरायचा, हेही बदला. एका रविवारी उलटे करून बघा. आणि मुलगा रडत आला, तर 'कोणी मारलं?' याच्याही आधी 'ये, बस' एवढे म्हणा. त्याचे तोंड उघडे राहिले पाहिजे.

त्या चार महिन्यांची भरपाई मला करता आली नाही. तुमच्यापैकी कोणावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे बोललो. काही जास्त-कमी बोललो असेन तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. आता कार्यक्रमानंतर चहा आहे. कप धुवायला मी थांबणार आहे. सातवी-आठवीतल्या पोरांनो, माझ्यासोबत कोण कोण येतंय?

जयभीम!